आठ्या बघायला ॲप कशाला?

माझ्या तोंडाच्या लकव्याच्या फिजिओच्या फाइलमध्ये एकच शब्द अकरा वेळा लिहिलाय, इम्प्रूव्हिंग. तारीख बदलते, पेनाची शाई बदलते, एका पानावर चहाचा डाग पण आहे, शब्द मात्र तोच, डिसेंबर ते जून. वेटिंगमध्ये बसून मीच मोजले एकदा, दुसरं काम नव्हतं. आता इम्प्रूव्हिंग म्हणजे किती, कशापेक्षा, डोळ्याला की ओठाला, हे त्या फाइलला माहीत नाही आणि मॅडमना पण नाही, कारण दिवसाला तीस पेशंट बघणाऱ्या बाईला माझा ओठ गेल्या मंगळवारी किती वर गेला होता हे आठवणार कसं. त्यांचा दोष नाहीच. पण मग लक्षात ठेवायचं कुणी?

झालं असं की दीड वर्षापूर्वी डिसेंबरात एका सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातनं सरळ खाली. परत भरली, परत तेच. आरशात बघितलं तर उजवा गाल इस्त्री फिरवल्यासारखा सपाट, डोळा मिटायला गेले तर बुबुळ वर गेलं आणि खालचं पांढरं उघडंच राहिलं. सासूबाई म्हणाल्या वारं गेलं गं तोंडावरनं. शेजारच्या काकूंनी कुणा वैद्याचा नंबर दिला, ऑफिसातल्या एकाने कबुतराचा काहीतरी उपाय सांगितला तो इथं लिहीत नाही, नवऱ्याने मात्र कुणाचं न ऐकता गाडी काढली आणि डॉक्टरकडे नेलं, त्याबद्दल त्याचे बाकीचे बरेच गुन्हे माफ.

डॉक्टरांनी काय केलं ते सांगते, कारण पुढचा सगळा वाद तिथंच आहे. म्हणाले भुवया वर करा. डाव्या बाजूला आठ्या पडल्या, उजवं कपाळ गुळगुळीत. मग माझी बोटं दाबा म्हणाले, दोन्ही हात समोर धरून डोळे मिटा म्हणाले (त्यातला एक मिटतच नव्हता, दोघंही हसलो, म्हणजे मी अर्धीच), चालून दाखवा, नाव पत्ता सांगा, कानात बॅटरी मारून पुरळ आलंय का बघितलं. पाच मिनिटं. मग म्हणाले बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, स्ट्रोक म्हणजे मेंदूतला झटका नाही, घाबरू नका, आजच गोळ्या चालू करायच्या, डोळ्यात ड्रॉप्स आणि रात्री पापणीला पट्टी.

कपाळाचा तो प्रकार मला तेव्हा जादू वाटला पण कारण सरळ आहे. कपाळाच्या स्नायूला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून वायरिंग येतं. मेंदूत एका बाजूला झटका बसला तर तोंडाचा खालचा भाग वाकडा होतो पण आठ्या बहुतेक वेळा पडतात, दुसऱ्या बाजूचं कनेक्शन चालू असतं म्हणून. मेंदूतनं बाहेर पडलेली सातवी नस मात्र कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या बोगद्यातनं येते, तिथं ती सुजून आवळली गेली तर कपाळासकट अख्खी बाजू बंद. ही नस काय करते ते चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८२१ मध्ये मांडलं म्हणून त्याचं नाव. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं डॉक्टर लोक पेशंटला भुवया उडवायला लावतायत आणि त्याला वीज सुद्धा लागत नाही.

आणि आता हल्ली काय चाललंय, तर चेहऱ्याचा व्हिडिओ घ्या, एआय सांगेल लकवा आहे की नाही, स्ट्रोक आहे की बेल्स. बातम्यांत हेच, माझ्या भाच्याच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टच्या यादीत पण हेच. माझं म्हणणं असं की ही काठी उलट्या टोकाने धरलीय. पहिल्या दिवशी यंत्राची गरज नाही, उलट धोकाच आहे. गरज आहे ती नंतरच्या सहा महिन्यांत, जेव्हा तुमच्याकडे कोणीच बघत नसतं.

आधी पहिल्या दिवसाचं बोलू. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर साडेचार तासांची मुदत असते. आता मेंदूच्या देठात, जिथून ही नस निघते नेमकं तिथंच नुकसान झालं तर कपाळ पण जातं, म्हणजे चेहऱ्याच्या व्हिडिओत तो थेट बेल्ससारखा दिसू शकतो. डॉक्टर तो पकडतात हातावरनं, बोलण्यावरनं, चालीवरनं, डोळे कसे फिरतात त्यावरनं, आणि चेहऱ्याच्या चौकटीत बघणाऱ्या फोनला खाली बाकीचं शरीर आहे हेच ठाऊक नसतं. समजा रात्री अकराला गावाकडं कुणाचं तोंड वाकडं झालं, पोराने व्हिडिओ काढला, ॲप म्हणालं बेल्स वाटतोय, मग काय, झोपा, सकाळी बघू. ती सकाळ जन्माची महाग पडेल. आणि खरंच बेल्स असला तरी निवांत बसायचं नसतंच, त्याला पण घड्याळ आहे, ७२ तासांच्या आत स्टेरॉइड चालू व्हायला लागतं. स्कॉटलंडमध्ये झालेला मोठा ट्रायल २००७ मध्ये छापून आला, त्यात ९ महिन्यांनी बघितलं तर स्टेरॉइड घेतलेल्यांतले ९४.४ टक्के पूर्ण बरे झाले होते आणि न घेतलेल्यांतले ८१.६ टक्के. म्हणजे स्ट्रोक असो नाहीतर बेल्स, घाई दोन्हीकडे आहे आणि करायचं एकच, उठा आणि माणसाला दाखवा. जिथं उत्तर काहीही आलं तरी पुढची कृती बदलत नाही तिथं ॲप उघडून करायचंय काय? आपल्याकडचे २०२० चे टेलिमेडिसिनचे नियम पण हेच सांगतात, एआयने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचं नाही, डॉक्टरला हातभार लावला तर चालेल. सरकारी कागदातली मला पूर्ण पटलेली अशी वाक्यं कमीच, त्यातलं हे एक.

पण नंतर काय होतं बघा. नंतर सगळे निघून जातात. गोळ्या दहा दिवसांत संपतात, डॉक्टर म्हणतात होईल हळूहळू, आणि मग तुम्ही आणि तुमचा आरसा. कोपनहेगनमध्ये २५ वर्षं पेशंट गोळा करून एक अभ्यास झाला, २००२ मध्ये आला, औषधाशिवाय हा आजार कसकसा जातो ते बघायला, त्यात बेल्सवाल्यांतले ७१ टक्के पूर्ण नॉर्मल झाले. बाकीच्यांचं थोडं किंवा बरंच मागे राहिलं. औषधाने हा उरलेल्यांचा आकडा कमी होतो, शून्य होत नाही. मी त्या उरलेल्यांतली.

आणि उरलेल्यांचं मोजायचं कसं? माझ्या पहिल्या कागदावर लिहिलंय एचबी फोर. एचबी म्हणजे हाऊस आणि ब्रॅकमन, कानाचे दोन अमेरिकन डॉक्टर, १९८५ ची स्केल, एक म्हणजे नॉर्मल आणि सहा म्हणजे काहीच हलत नाही. जगभर हीच चालते आणि चालते कारण सोपी आहे, डोळा जोर लावून मिटतो तर तीन, जोर लावूनही मिटत नाही तर चार. पण अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक आकडा! म्हणजे दहावीच्या मार्कशीटवर नुसतं पास लिहून द्यायचं, गणितात किती न् मराठीत किती ते विचारू नका. माझा डोळा फेब्रुवारीत मिटायला लागला, ओठ मे पर्यंत ढिम्म दिसायचा, कपाळाचं तर विचारूच नका, आणि या सगळ्याची बेरीज तीन. त्यात एका डॉक्टरला तीन वाटतो तो दुसऱ्याला चार वाटतो. कॅनडातल्या सनीब्रुक हॉस्पिटलवाल्यांनी १९९६ मध्ये जास्त बारीक पद्धत काढली, चेहरा शांत असताना कसा दिसतो, पाच हालचाली किती होतात, आणि एक हलवताना दुसरंच काही हलतं का, असे वेगवेगळे मार्क देऊन शंभरपैकी आकडा. चांगली आहे, पण ती भरायला वेळ लागतो, आणि वेळ कुणाकडे आहे? म्हणून इम्प्रूव्हिंग.

ही जी मधली रिकामी जागा आहे ना, ती यंत्राची. दमत नाही, कंटाळत नाही, मागच्या मंगळवारचं विसरत नाही.

हे मी नुसतं वाचून बोलत नाहीये. सुट्टीत भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे पुण्यात, म्हणाला मावशी तुझे व्हिडिओ आहेत का. होते, चौदा होते, कारण मी पहिल्या आठवड्यापासून दर दहा-बारा दिवसांनी बाथरूमच्या आरशाशेजारी उभी राहून भुवया वर, डोळे बंद, दात दाखव, ओठांचा चंबू, असं सगळं शूट करून ठेवायचे, का ते माहीत नाही, पुरावा म्हणून असेल. त्याने गूगलचं फुकट मिळणारं एक टूल लावलं, ते व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये चेहऱ्यावर ४६८ ठिपके बसवतं, ओठांच्या कडेने, पापण्यांच्या कडेने, भुवयांवर, आणि मग हा ठिपका त्या ठिपक्यापासून किती लांब गेला ते मोजत बसायचं, मूळ कल्पना एवढीच. मी विचारलं अरे पण मी कधी फोन जवळ धरलाय कधी लांब, मिलिमीटर कळणार कसे. तर म्हणाला बुबुळावरनं. रंगीत भागाची रुंदी मोठ्या माणसांत जवळपास सगळ्यांची सारखीच असते, पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यातच एक पट्टी बसवलेली आहे. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसले, इतकं सुंदर वाटलं.

पहिला निकाल काय आला माहितीये? जानेवारीत माझी डावी बाजू आजारी होती आणि फेब्रुवारीत उजवी. भाचा घाबरला, मी हसायला लागले. पहिले तीन व्हिडिओ मी सेल्फी कॅमेऱ्याने काढले होते आणि त्या फोनने ते आरशासारखे उलटे सेव्ह केले होते. हे असलं कुणी शिकवत नाही. पुढचे दोन पण टाकून द्यावे लागले कारण ब्यूटी मोड चालू राहिला होता, तो नाकापासून ओठापर्यंतची घडी पुसून टाकतो, आणि लकव्यात नेमकी तीच घडी बघायची असते, दुखणं फिल्टरनेच बरं केलेलं. एकात खिडकी उजवीकडे, म्हणून त्या बाजूचे ठिपके हललेले. चौदातले आठ उरले.

पण त्या आठांनी जे दाखवलं ते सहा महिन्यांत कुणी दाखवलं नव्हतं. ओठाचा कोपरा हळूहळू वर जात होता, ठीक. पण एप्रिलपासून मी दात दाखवले की त्याच क्षणी उजव्या डोळ्याची फट बारीक होत होती, डावीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त, दर वेळी. मला स्वतःला कळलं नव्हतं, घरच्यांना वाटायचं मी डोळा मारते. याला सिन्किनेसिस म्हणतात, तुटलेल्या नसेचे धागे परत वाढताना चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले जातात, हसायचं बटण दाबलं की डोळ्याचा दिवा पण लागतो. महिन्या-दोन महिन्यांत नाही, तीनचार महिन्यांनी हे चालू होतं, म्हणजे नेमकं जेव्हा फॉलोअप बंद झालेला असतो तेव्हा. आणि हे एका फोटोत सापडणं अवघड, कारण सगळी गंमत वेळेत आहे, काय कशाबरोबर हललं. डोळ्याची उघडझाप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात आटोपते, फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो, तरी दहाएक फ्रेम मिळतात, माणसाच्या नजरेला तेवढं पण मिळत नाही.

तो आलेख मी मॅडमना दाखवला. घाबरत घाबरतच, म्हटलं त्यांना वाटेल आली मोठी शहाणी. त्यांनी नीट बघितला, मला तीनदा हसायला लावलं, आणि फुगे बंद केले. तोवर मी रोज वीस फुगे फुगवत होते, च्युइंगम चघळत होते, जोर लावून लावून डोळे मिटत होते, कारण सगळे तेच सांगतात. धागे चुकीचे जुळायला लागल्यावर असा सगळ्या चेहऱ्याने जोर लावणं म्हणजे चुकीच्या वाटेवर डांबर टाकणं. आता आरशासमोर हळू, अर्धंच हसायचं, डोळा मुद्दाम मोठा ठेवून. (शेक आणि शॉकचं मशीन मात्र चालूच राहिलं. शॉकचा बेल्समध्ये ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही हे मॅडमना पण माहितीये, पण मशीन लावलं नाही तर पेशंट बाहेर जाऊन म्हणतो फी कशाची घेतली.)

तर माझी बाजू इथं स्पष्ट आहे. निदान डॉक्टरचं, मोजमाप यंत्राचं, आणि मोजायचं ते माझंच माझ्याशी, जानेवारीतली मी आणि जूनमधली मी. दुसऱ्या कुणाशी नाही, कुठल्या आदर्श चेहऱ्याशी तर अजिबात नाही.

कारण आदर्श चेहऱ्याशी जोडलं की गाडं कसं फसतं बघा. ठिपके बसवणारी ही सॉफ्टवेअर शिकलीत कशावर, तर हजारो धडधाकट चेहऱ्यांवर. त्यामुळे त्यांना पक्कं वाटत असतं की तोंड हे असं सरळच असतं, आणि वाकडा ओठ दिसला तरी ती ठिपके थोडे सरळ रेषेकडे ओढून बसवतात. जिथं आजार जास्त तिथं चूक जास्त. बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर हॉस्पिटलच्या लोकांनी २०१८ च्या सुमाराला हेच पकडलं, मग पेशंटच्या फोटोंवर परत शिकवलं तेव्हा ठिपके जागेवर बसायला लागले. त्यांनी साठ जणांच्या फोटो-व्हिडिओंचा एक संच पण सगळ्यांना अभ्यासाला खुला केला, फार मोठं काम. पण ते साठ जण बोस्टनच्या हॉस्पिटलात आलेले, छान लाइट लावून, पाठीमागे साधा पडदा ठेवून शूट केलेले. त्यात आमच्या इकडचे आबा कुठून असणार, ज्यांच्या गालात सकाळपासून तंबाखूचा बार आहे? यंत्र म्हणणार डावा गाल फुगलेला, असिमेट्री, म्हणजे दोन बाजू सारख्या नाहीत. कवळी घरी विसरून आलेली आजी, दोन्ही गाल आत. गुटख्याने तोंडच दोन बोटं उघडत नाही असा पंचविशीतला पोरगा, त्याला सांगा मोठ्याने हस, आणि मार्क द्या. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं तर आपल्याकडे ढिगाने होतात, त्यात जबड्याखालून खालच्या ओठाला जाणारी नसेची बारीक फांदी कधी कधी दुखावते, त्या लोकांना अशा मोजमापाचा फार उपयोग होईल, पण त्यांच्या चेहऱ्यावर टाके असतात, अर्धा जबडा काढलेला असतो, कुठल्या ठिपक्याला तिथं घर मिळणार?

आणि सगळ्यात मोठी खोट सिमेट्रीच्या कल्पनेतच आहे, याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून मी जरा थांबते इथं. बहुतेक हिशोब असा की चांगली बाजू आणि वाईट बाजू यांतला फरक काढा, फरक कमी म्हणजे पेशंट बरा. बरं. आणि दोन्ही बाजू गेल्या तर? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे नसा लुळ्या पाडणाऱ्या आजाराची, साथ आली आठवत असेल, दूषित पाण्यावरनं, दोनशेच्या वर पेशंट. त्या आजारात तोंडाच्या दोन्ही बाजूंची ताकद जाणं हे नेहमीचं आहे. दोन्ही डोळे मिटत नाहीत, दोन्ही ओठ हलत नाहीत, चेहरा एकदम बॅलन्स्ड. फरक शून्य. यंत्र शंभर मार्क देऊन मोकळं.

तसंच कुष्ठरोगाचं. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात, २०२२ मध्ये एक लाखाच्या वर होते, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार संपल्याची भाषणं झाली तरी संपलेला नाही. त्यात पापणी मिटवणारी फांदी जाते, कधी एका बाजूची, कधी दोन्ही, वर कित्येकांना बुबुळाची संवेदना पण गेलेली असते, म्हणजे डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही, जखम होते, दृष्टी जाते. नस बिघडून सहा महिने व्हायच्या आत कळलं तर स्टेरॉइडने सुधारायची आशा असते. तिथं तपासणीत काय मोजतात, तर हलकेच डोळे मिटायला सांगून पापण्यांत किती मिलिमीटर फट राहते ते. पट्टी धरून, अंदाजाने. आता सांगा, हे काम आशाताईच्या हातातल्या साध्या फोनचं आहे की नाही? दर महिन्याला दहा सेकंदांचा व्हिडिओ, गेल्या महिन्यात एक मिलिमीटर होती, या महिन्यात तीन झाली, पाठवा तालुक्याला. निदान आधीच झालेलं आहे, ॲपने कुठलाही शोध लावायचा नाही, फक्त मोजायचं आणि ओरडायचं. पण यासाठी सिमेट्रीची कल्पना फेकून द्यावी लागेल, प्रत्येक डोळा वेगळा मोजावा लागेल, आणि काळ्यासावळ्या, उन्हाने रापलेल्या, भुवया गळालेल्या चेहऱ्यांवर (या आजारात भुवयांचे केस जातात) ते सॉफ्टवेअर शिकवावं लागेल. रंगाचं मी उगाच म्हणत नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघी संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या चेहरा ओळखणाऱ्या सिस्टिम तपासल्या, स्त्री की पुरुष एवढंच सांगायचं होतं, गोऱ्या पुरुषांत चूक एक टक्क्याच्या आत आणि सावळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ठिपके बसवणं हे वेगळं काम आहे मान्य, पण शिकवणी त्याच शाळेतली.

वाकडा चेहरा यंत्राला कळला नाही तर काय होतं हे मी नोकरीत पण बघते. बँकेत आहे मी, पेन्शनवाल्या शाखेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी, आता ते फोनसमोर चेहरा धरून होतं, डोळ्यांची उघडझाप करा म्हणतं, म्हणजे जिवंत माणूस आहे, फोटो नाही याची खात्री. गेल्या नोव्हेंबरात एक काका आले, कानाच्या जुन्या ऑपरेशनात नस गेलेली, एक डोळा मिटतच नाही आणि दुसऱ्याला मोतीबिंदू. पंधरा मिनिटं फोन सांगतोय डोळे मिचकवा आणि काका सांगतायत अहो मिचकवतोय. बोटं लावायला गेलो तर आयुष्यभर मातीत काम करून ठसेच पुसलेले. माझ्या समोर बसलेला माणूस जिवंत आहे हे फोनला पटवायला मला साहेबांची सही घ्यावी लागली. हे एकट्या काकांचं नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांनी याच अडचणीवर सुप्रीम कोर्टात दाद मागितली, ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला, कोर्टाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसीला दुसरे मार्ग ठेवा, वीस सूचना दिल्या. मला त्यात विनोद असा दिसतो की एकीकडे आपण लकव्याचे व्हिडिओ मोजणारं एआय बनवतोय आणि दुसरीकडे दुसऱ्या एआयला लकवा झालेला माणूस माणूसच वाटत नाही, आणि दोन्ही बनवणाऱ्यांची अडचण एकच, वाकडे चेहरे बघितलेच नाहीत कधी.

मग कुणी म्हणेल की द्या ना तुमचे व्हिडिओ. हो, द्यायचेत, पण असे नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, तोंड बदलता येत नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा संमती घ्या म्हणतो, आणि संमती म्हणजे आपल्याकडे काय तर ओपीडीच्या रांगेत पुढे सरकवलेला इंग्रजी कागद, इथं सही करा. चेहऱ्याच्या बाबतीत हे चालणार नाही. माझ्या व्हिडिओवरचे ठिपके मोजायला इंटरनेट पण लागलं नाही, भाच्याच्या लॅपटॉपवर झालं, म्हणजे व्हिडिओ बाहेर न जाता फक्त आकडे बाहेर जाऊ शकतात. ज्या कंपनीला व्हिडिओच हवाय तिने का हवाय ते मराठीत लिहून द्यावं, एवढंच.

आकड्यांचा एक त्रास मात्र कबूल करते, तो विरोधकांनी मांडायच्या आधी मीच. भाचा गेल्यावर मी ते टूल शिकून घेतलं आणि रोज मोजायला लागले, रोज, आणि एका गुरुवारी ओठ दोन मिलिमीटर मागे गेला म्हणून स्वयंपाकघरात बसून रडले. झालं काय होतं, तर आदल्या रात्री जागरण. चेहरा सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा, फोन किंचित तिरका धरला तरी वेगळा, दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मॅडमनी सरळ बंदी घातली, पंधरा दिवसांतून एकदा, तेही इथं, त्यांच्यासमोर. आणि मिलिमीटर म्हणजे सगळं नव्हेच. कॅनडाचे ज्याँ क्रेतिएँ, त्यांचं लहानपणापासून तोंड एका बाजूला वाकडं, १९९३ च्या निवडणुकीत समोरच्या सत्ताधारी पक्षाने त्यांच्या चेहऱ्याचे फोटो वापरून जाहिरात केली, लोक इतके चिडले की ती लगेच मागे घ्यावी लागली, क्रेतिएँ पंतप्रधान झाले आणि जाहिरात करणारा पक्ष दोन जागांवर आला. त्यांचा स्कोअर त्या वर्षी एका मार्कानेही सुधारला नव्हता. मला पण आज कुणी लग्नात फोटोला बोलावलं तर मी जाते, डिसेंबरात नव्हते जात, आणि या फरकाला कुठलाही ठिपका बसलेला नाही, म्हणून कागदावर आकड्याशेजारी एक ओळ पेशंटने स्वतः लिहायची ठेवावी, चहा सांडतो का, डोळा चुरचुरतो का, बाहेर जाता का.

आमच्या मॅडमनी त्यांच्यापुरतं करून टाकलंय. क्लिनिकच्या फरशीवर पांढरी पट्टी चिकटवलीय, तिथं उभं राहायचं, समोर भिंतीला फोनचा स्टँड, मागचा कॅमेरा, फिल्टर बंद, ट्यूबलाइट डोक्यावर, खिडकीला पडदा. तोंडाच्या प्रत्येक पेशंटचा महिन्यातून दोनदा व्हिडिओ, आकडे मी शनिवारी जाऊन काढून देते, फाइलमध्ये इम्प्रूव्हिंगच्या जागी आता पाच रकाने आहेत आणि सहावा पेशंटचा. गेल्या आठवड्यात दारावर हाताने लिहिलेला एक कागद पण लागलाय, व्हिडिओला उभं राहण्याआधी चूळ भरून या, कवळी असल्यास लावून या. आबांनी तो दोनदा वाचला आणि निमूट बाहेर गेले थुंकायला.